स्काउट-गाईड चळवळ: उगम, वचन, नियम आणि पालक-शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

शाळेत पथकाची नावनोंदणी सुरू झाली की पालक थांबून विचारतात, "सर, यात मुले नेमके करतात काय?" नव्याने पथक हाती घेतलेले शिक्षकही तेच विचारतात, फक्त जरा दबक्या आवाजात. मी बरीच वर्षे शाळेत स्काउट पथक चालवले. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय मला जवळचा आहे.

स्काउट या शब्दाचा अर्थ काय?

सैन्याच्या पुढे जाऊन वाट, पाणी आणि शत्रूचा ठावठिकाणा पाहून येणारा माणूस म्हणजे स्काउट. आपल्याकडे या कामासाठी जासूद, नजरबाज असे शब्द होते, आणि मराठी मुलाला तर बहिर्जी नाईकच आठवतात. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी हा लष्करी शब्द मुलांसाठी घेताना त्याला वेगळे वळण दिले. रानात, डोंगरात, समुद्रावर स्वतःच्या हिमतीवर वाट काढणारे आणि गरज पडली की दुसऱ्यासाठी धावून जाणारे लोक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. अशांना ते 'शांततेचे स्काउट' म्हणत.

चळवळ सुरू कशी झाली?

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल यांना जगभरचे स्काउट नुसते 'बी.पी.' म्हणतात. जन्म लंडनचा, २२ फेब्रुवारी १८५७. एकोणिसाव्या वर्षी, १८७६ मध्ये, ते घोडदळातले तरुण अधिकारी म्हणून लखनौला आले. पुढे १८९७ ते १८९९ या काळात मेरठला एका घोडदळ पलटणीचे प्रमुख असताना त्यांनी शिपायांच्या लहान लहान तुकड्या करून त्यांना टेहळणी शिकवली. जे शिकून तयार झाले त्यांना उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणाचे चिन्ह दिले. आज स्काउटच्या बॅजवर दिसणारे तीन पाकळ्यांचे फूल हे त्याच खुणेचे रूप. लहान तुकडी आणि बॅज या दोन्ही गोष्टी भारतात आधी करून पाहिल्या गेल्या होत्या, हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

दुसरा धागा दक्षिण आफ्रिकेतला. बोअर युद्धात मेफकिंग या गावाला वेढा पडला. १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९००, असे २१७ दिवस बी.पी. तिथले सेनाधिकारी होते. माणसे कमी पडत होती, म्हणून त्यांचे सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातल्या मुलांचे एक दल उभे केले. निरोप पोचवणे आणि टेहळणी ही त्यांची कामे. वॉर्नर गुडइयर हा तेरा वर्षांचा मुलगा त्यांचा म्होरक्या होता. मुलांवर खरी जबाबदारी टाकली की ती पेलतात, ही गोष्ट बी.पी. यांच्या मनात तिथे पक्की झाली.

मायदेशी परतल्यावर त्यांना दिसले की सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीवरचे छोटे पुस्तक शाळकरी मुले आणि शिक्षक आवडीने वाचताहेत. ग्लासगोला १८८३ मध्ये 'बॉइज ब्रिगेड' काढणारे विल्यम स्मिथ यांनी ते मुलांसाठी नव्याने लिहा असे सुचवले. १९०६ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी उत्तर अमेरिकेतल्या आपल्या रानकलेच्या मुलांच्या मंडळांची पुस्तिका त्यांना पाठवली. तिच्यातलेही बरेच काही बी.पी. यांनी घेतले. एकाच माणसाच्या डोक्यातून सगळे निघाले, असे समजू नये.

ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात काय झाले?

१ ते ८ ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात ब्राउन्सी नावाचे छोटे बेट आहे. लिहायचे ते आधी करून पाहावे, म्हणून बी.पी. साधारण वीस मुलांना घेऊन तिथे तंबूत राहिले. मुलांची निवड मुद्दाम केलेली होती. निम्मी मुले ईटन, हॅरो अशा श्रीमंतांच्या शाळांतली, तर निम्मी बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉइज ब्रिगेडमधली, साध्या कष्टकरी घरांतली. शुल्कही ऐपतीप्रमाणे होते: पैसेवाल्यांना एक पौंड, इतरांना साडेतीन शिलिंग. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा दोन थरांतली मुले एका तंबूत झोपतील, एका भांड्यातले जेवतील, ही कल्पनाच नवी होती.

मुलांचे चार संघ केले: लांडगा, बैल, कर्ल्यू (चिखलात चोच खुपसणारा किनाऱ्यावरचा पक्षी) आणि डोमकावळा. प्रत्येक संघाला आपल्यातलाच एक नायक. सकाळी उठवायला बी.पी. कुडू हरणाचे लांब पिळदार शिंग फुंकत. रोज एक विषय असे: शिबिराची मांडामांड, निरीक्षण, रानातली कामे, शौर्य आणि शिष्टाचार, जीव वाचवणे, देशप्रेम, आणि शेवटच्या दिवशी खेळ. रात्री शेकोटीभोवती गोष्टी.

आपल्या शाळांच्या शिबिरांत आजही साधारण हाच क्रम असतो, पण एक फरक मला खुपतो. ब्राउन्सीला रोज रात्री एका संघाला पहाऱ्यावर पाठवत. स्वतःचे पीठ, बटाटे घेऊन जायचे, स्वतः शिजवायचे, रात्रभर आपले आपण राहायचे. आपल्याकडे शिबिराला आचारी असतो. आचारी आला की निम्मे स्काउटिंग स्वयंपाकघरातच संपते.

पुस्तकामुळे चळवळ पसरली, हे खरे का?

हो. बी.पी. यांचे मुलांसाठीचे पुस्तक जानेवारी १९०८ पासून पंधरवड्याला एक असे सहा भागांत निघाले. चित्रे बरीचशी त्यांनी स्वतःच काढली होती. मुले ते विकत घेत, मित्र जमवून आपला संघ करत आणि मग एखाद्या शिक्षकाकडे किंवा पाद्र्याकडे जाऊन "आमचे स्काउटमास्तर व्हाल का?" असे विचारत. मोठ्यांनी संस्था काढून मुले गोळा केली नाहीत, मुलांनी मोठ्यांना ओढून आणले. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा झाला तेव्हा हजारो मुले आली.

मग यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती? गणवेश, गाठी, की संचलन?

तिन्हीपैकी एकही नाही. सहा ते आठ मुलांचा संघ, आणि त्यांच्यातलाच एक संघनायक. हे नसेल तर गणवेश घातलेली मुले असतात, स्काउट नसतात.

शाळेत वर्गप्रमुख असतो, पण तो बाईंनी नेमलेला असतो आणि बाईंचाच निरोप पोचवतो. संघनायकाचे काम वेगळे. आपल्या सहा-सात जणांना गाठ कोण शिकवणार, शिबिरात लाकडे कोण आणणार, कुणाच्या घरी अडचण आहे म्हणून त्याला कोणते काम द्यायचे नाही, हे तो ठरवतो. सगळे संघनायक एकत्र बसतात त्या सभेला 'कोर्ट ऑफ ऑनर' म्हणतात. पथकाचे कार्यक्रम आणि शिस्तीचे प्रश्न तिथे सुटतात. शिक्षक तिथे असतात, पण सल्ला देण्यापुरते.

एक प्रसंग सांगतो. एका शिबिरात आमच्या गरुड संघाची खिचडी करपली, खालून पार काळी झाली. मी उठून दुसरे पातेले चढवणार होतो, पण जुन्या सहकाऱ्याने हात धरून बसवले. मुलांनी वरची खिचडी काढून खाल्ली, अर्धपोटी झोपली. रात्री टॉर्चच्या उजेडात सातही जण बसून बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीजवळ एक कायमचा माणूस ठेवला आणि ते काम सगळ्यात बडबड्या मुलाला दिले, कारण "हा जागचा हलला नाही की गप्पा मारायला लोक त्याच्याकडे येतात, मग सगळ्यांचेच लक्ष राहते." हे शहाणपण मला सुचले नसते.

वचन म्हणजे काय? ते कोण देतो?

नवे मूल काही काळ पथकात राहून प्रवेशाची तयारी करते आणि मग सगळ्यांसमोर वचन देते. ईश्वर आणि देश यांच्याबाबतचे कर्तव्य बजावण्याचा, इतरांना मदत करण्याचा आणि स्काउटचे नियम पाळण्याचा मी शक्य तितका प्रयत्न करीन, असा त्याचा आशय. 'शक्य तितका प्रयत्न' हे शब्द मी मुलांना दोनदा म्हणायला लावतो. दहा वर्षांच्या मुलाकडून कुणी परिपूर्णतेची हमी मागत नाही.

सलाम करताना तीन बोटे वर असतात ती वचनाच्या या तीन भागांसाठी. बॅजच्या तीन पाकळ्यांचा अर्थही तोच.

देव न मानणाऱ्या घरातल्या मुलाने काय म्हणायचे?

भारत स्काउट्स आणि गाईड्स या आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या वचनात 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणण्याची मुभा आहे. ज्याला त्याला रुचेल तो शब्द घ्यावा. ब्रिटनच्या स्काउट संस्थेने २०१४ पासून नास्तिक मुलांसाठी वेगळ्या शब्दांतले वचन ठेवले आहे. कोणत्याही एका धर्माची शिकवण देणे हे पथकाचे काम नाही. आमच्या शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते आणि ज्याला नुसते शांत बसायचे असेल तो बसतो.

नियम किती? ते पहिल्यापासून तेच आहेत का?

आपल्याकडे नऊ. स्काउट विश्वसनीय असतो, निष्ठावान असतो, सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा भाऊ असतो, विनयशील असतो, प्राण्यांचा मित्र आणि निसर्गप्रेमी असतो, शिस्तप्रिय असतो आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाला मदत करतो, धैर्यवान असतो, काटकसरी असतो, आणि विचार, उच्चार, आचाराने शुद्ध असतो. गाईडसाठी, म्हणजे या चळवळीतल्या मुलींसाठी, 'भाऊ'च्या जागी 'बहीण' येते.

१९०८ चे नियम पाहिले की फरक लगेच दिसतो. त्यात राजाशी निष्ठा होती, वरिष्ठांशी होती आणि आपण ज्याच्याकडे नोकरी करतो त्या मालकाशीही होती. संघनायक आणि स्काउटमास्तर यांची आज्ञा मुकाट पाळावी असेही होते. आपल्या नियमांत राजा नाही, मालक नाही आणि 'मुकाट' हा शब्दही नाही. आज्ञेच्या जागी शिस्त आली आणि तिच्या शेजारी सार्वजनिक मालमत्ता आली. स्वतंत्र देशाने आपल्या मुलांकडून काय मागितले ते या बदलात दिसते. एस.टी.ची सीट न फाडणे हे स्काउटच्या नियमात बसते, हे सांगितले की मुलांचे डोळे मोठे होतात.

तिसऱ्या नियमाची गोष्ट उलटी आहे. 'दुसरा स्काउट कोणत्याही सामाजिक वर्गातला असो, तो भाऊच' असे १९०८ च्या मूळ मजकुरात स्पष्ट लिहिलेले होते. आपल्या देशात त्या वर्गाच्या जागी जात वाचावी. माझ्या मते हा सगळ्यात अवघड नियम आहे आणि शिबिराच्या पंगतीत तो रोज तपासला जातो.

जुन्या नियमांतला एक मला अजून आवडतो: अडचणीतही स्काउट हसतो आणि शीळ घालतो. तो आपल्या यादीत नाही, पण पावसात तंबू पडला की मी मुलांना सांगतोच.

'रोज एक सत्कृत्य' म्हणजे काय?

दिवसातून एक तरी काम दुसऱ्यासाठी, मोबदला न घेता. आठवण राहावी म्हणून बी.पी. यांनी गळ्यातल्या रुमालाला एक गाठ मारायला सांगितले होते. काम झाले की गाठ सोडायची.

याच सवयीची एक गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये विल्यम बॉइस हे अमेरिकन प्रकाशक लंडनच्या धुक्यात वाट चुकले, एका मुलाने त्यांना पोचवले आणि बक्षीस नाकारले, "मी स्काउट आहे" म्हणून. गोष्टीवर पुढे बराच रंग चढला आहे, पण बॉइस यांनी ८ फेब्रुवारी १९१० ला अमेरिकेत स्काउट संघटना नोंदवली हे नक्की.

सत्कृत्याची वही करून त्यावर शिक्षकाची सही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मुले सहीसाठी खोटे लिहायला लागतात आणि पहिलाच नियम मोडतो.

खरी कमाईत मुलांना पदार्थ विकायला का लावतात?

खरी कमाई म्हणजे स्वतःच्या कष्टाचा पैसा. काम करून मिळवावा, त्यातून पथकाचा किंवा सेवेचा खर्च भागवावा, आणि काटकसरीचा नियम अनुभवातून कळावा, हा उद्देश. शाळेच्या अंगणात भेळ, वडापाव, लिंबू सरबताचे स्टॉल लागतात ते यातूनच. गाडी धुणे, बाग साफ करणे, आजोबांची कपाटे आवरून देणे ही कामेही चालतात.

पालकांना हात जोडून विनंती आहे: वडे तुम्ही तळून देऊ नका आणि तुमच्याच मुलाच्या स्टॉलवरचे सगळे वडे तुम्हीच विकत घेऊ नका. मुलाने वीस रुपये कमावले तरी चालतील. ते त्याचे असू द्या.

डाव्या हाताने हस्तांदोलन का?

डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवल्याशिवाय तो हात पुढे करता येत नाही, म्हणून तो विश्वासाचा हात. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती योद्ध्यांकडून बी.पी. हे शिकले अशी आख्यायिका आहे.

यात मुली केव्हा आल्या?

बोलावल्याशिवाय आल्या. १९०९ च्या क्रिस्टल पॅलेस मेळाव्यात काही मुली स्काउटसारखा वेश करून हजर झाल्या आणि "आम्हीही स्काउट आहोत" म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गर्ल गाईड्सची वेगळी संघटना निघाली आणि बी.पी. यांच्या बहीण ॲग्नेस यांनी ती उभी केली. पुढे पत्नी ओलेव्ह यांनी ती जगभर नेली. योगायोग असा की ओलेव्ह यांचा वाढदिवसही २२ फेब्रुवारीलाच. गाईड्स हा दिवस १९२६ पासून जागतिक चिंतन दिन म्हणून पाळतात.

भारतातली पहिली गाईड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला निघाली. आणि आपल्या पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' आहे. गाईड्सच्या जागतिक संघटनेची जगात मोजकी केंद्रे आहेत, त्यांतले हे एक. १६ ऑक्टोबर १९६६ ला स्वतः ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या सामाजिक संस्थांबरोबर काम करतात. पुण्यात राहून ज्यांनी ते पाहिले नाही अशा गाईड मला भेटल्या आहेत. गाईडर ताईंनी, म्हणजे गाईड पथक चालवणाऱ्या शिक्षिकांनी, सहल काढावीच.

भारतात ही चळवळ इंग्रजांनी आणली, मग आपली कशी झाली?

भांडून झाली.

१९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी देशातले पहिले पथक काढले, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होते. सरकारला भीती होती की ही मुले उद्या आपल्याविरुद्ध उभी राहतील. भारतीयांनी मग आपली दारे स्वतः उघडली. नागपूरला वकिली करणारे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले विव्हियन बोस यांनी मध्य प्रांतात मुले जमवली. नागपूर तेव्हा त्याच प्रांताची राजधानी होते, त्यामुळे महाराष्ट्राच्या आजच्या भूमीवर भारतीय मुलांच्या स्काउटिंगचे हे फार जुने नाव. शाहजहाँपूरला श्रीराम बाजपेयी यांनी पथक काढले. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन स्थापली, त्यांच्यासोबत जॉर्ज अरुंडेल होते. त्याच सुमारास अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. यात्रा-मेळ्यांतली गर्दी सांभाळणे, हरवलेली मुले घरी पोचवणे ही त्यांची कामे.

१९२१ मध्ये बी.पी. पतिपत्नी भारतात आले. सगळ्या संस्था एक कराव्यात अशी बोलणी झाली. बेझंट यांची संस्था विलीन झाली, सेवा समिती मात्र बाहेर राहिली. अडले ते वचनातल्या राजनिष्ठेवर. इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ आपल्या मुलांनी घ्यावी, हे त्यांना मान्य नव्हते.

१९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काउटांचा मोठा मेळावा, भरली, तिला म्हातारे बी.पी. आले होते. या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी लोक दुखावले, अनेकांनी बी.पी. यांच्याशी जोडलेली मूळ संस्था सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात दोन मोठ्या संस्था होत्या. मौलाना अबुल कलाम आझाद, कुंझरू, मंगलदास पक्वासा यांच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० ला त्या एक झाल्या आणि 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' जन्माला आली. १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही तीत सामील झाल्या. मुले आणि मुली एकाच राष्ट्रीय संस्थेत असणे ही त्या काळी जगात सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती. ७ नोव्हेंबरला आपण ध्वज स्टिकर लावतो तो याच दिवसासाठी. आपल्या बॅजवर तीन पाकळ्यांचे फूल, गाईडचे त्रिदल आणि मधोमध अशोकचक्र एकत्र का आहे, ते यावरून कळावे.

बेडन-पॉवेल साम्राज्यवादी नव्हते का? मुलांना त्यांचे कौतुक का सांगायचे?

होते. ते ब्रिटिश साम्राज्याचे सेनाधिकारी होते आणि साम्राज्य चांगले आहे असे त्यांना मनापासून वाटे. १८९६ मध्ये आजच्या झिम्बाब्वेतल्या मोहिमेत त्यांनी शरण आलेल्या उविनी या सरदाराला गोळ्या घालायला लावले. चौकशीत ते सुटले, पण घटना घडलीच. मेफकिंगच्या वेढ्यात काळ्या रहिवाशांना मिळणारा शिधा गोऱ्यांपेक्षा तोकडा होता. जून २०२० मध्ये पूल बंदरावरचा त्यांचा पुतळा हलवायचा की ठेवायचा यावर इंग्लंडमध्येच मोठा वाद झाला.

मी मोठ्या मुलांना हे सगळे सांगतो. लपवले तर 'विश्वसनीय' हा पहिला नियम आपणच मोडला. आणि मालवीय, बेझंट, कुंझरू यांनी काय केले तेही सांगतो: त्यांना माणसाचे दोष दिसत होते, पद्धतीचे मोल कळत होते. पद्धत घेतली, राजा काढून टाकला. विचार करू शकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला हे समजते.

ही छोटी फौजच नाही का? एन.सी.सी.पेक्षा वेगळे काय?

एन.सी.सी. १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, तिच्यात शस्त्रांची ओळख आणि लष्करी शिस्त असते. स्काउटिंग ही स्वेच्छेची, पक्षीय राजकारणापासून दूर असलेली शैक्षणिक चळवळ आहे. कवायतीवर भर देऊ नये, तिने मुलाचे स्वतःचे डोके चालेनासे होते, असे बी.पी. यांचे मत होते. प्रजासत्ताक दिनी संचलन असावे, पण वर्षभर तेच असू नये.

हुकूमशहांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. मुसोलिनीने, हिटलरने आणि सोव्हिएत सत्तेने स्काउटिंग बंद पाडले आणि मुलांच्या सरकारी संघटना काढल्या. पोलंडमध्ये बंदी असताना स्काउट भूमिगत राहिले आणि १९४४ च्या वॉर्सा उठावात मुलांनी गोळीबारातून टपाल पोचवले.

कबच्या खेळांत मोगली, अकेला, बगीरा कुठून आले?

१९१६ मध्ये लहान मुलांसाठी वुल्फ कब शाखा निघाली तेव्हा बी.पी. यांनी रडयार्ड किपलिंग यांच्या परवानगीने जंगल बुकातले जग घेतले. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, जे. जे. कला शाळेच्या आवारातला. त्या कथांचे रान सिवनीचे, म्हणजे नागपूरच्या वरच्या अंगाचे. आपल्याच परिसरातले प्राणी जगभर फिरून आपल्या कबकडे परत आले आहेत.

कोणत्या वयात कोणती शाखा?

अगदी लहानांसाठी बनी. पुढे पाच ते दहा वर्षांची मुले कब आणि मुली बुलबुल, दहा ते सतरा स्काउट आणि गाईड, त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर.

राष्ट्रपती पुरस्काराचा उपयोग काय?

प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान (म्हणजे पायऱ्या), मग राज्य पुरस्कार आणि त्यानंतर राष्ट्रपती पुरस्कार असा चढता क्रम आहे. रेल्वे भरतीत स्काउट-गाईडसाठी कोटा असतो, हेही खरे. पण केवळ फाईल पूर्ण करण्यासाठी चालणारी पथके मी पाहिली आहेत. मुलाला तंबू उभारता येत नाही आणि फाईलमध्ये तंबूचे सुंदर चित्र असते. पालकांनी फाईल पाहण्याऐवजी मुलाला घरी रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी मारून दाखवायला सांगावे.

मुलीला शिबिराला एकटी पाठवू का? सुरक्षित असते का?

हा प्रश्न विचारायलाच हवा, विचारताना संकोचू नये. अमेरिकेत बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेने लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतर तिच्यावर ऐंशी हजारांहून अधिक दावे आले. अनेक दशके तक्रारी दाबल्या गेल्याचा तो परिणाम. चांगल्या चळवळीचे नाव हे मुलाच्या सुरक्षिततेची हमी नसते.

शिबिराआधी विचारा: मुलींबरोबर प्रशिक्षित गाईडर किती आहेत? झोपण्याची आणि स्वच्छतागृहांची व्यवस्था वेगळी आहे का? कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद जागेत थांबणार नाही असा नियम आहे का? मुलाला घरी फोन करता येईल का? सरळ उत्तर न मिळाल्यास पाठवू नका. चांगल्या पथकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

फोनवर नकाशा असताना मागोव्याच्या खुणा कशाला शिकायच्या?

नजर तयार होण्यासाठी. दगडांचा बाण म्हणजे या वाटेने जा, फुली म्हणजे ही वाट नाही. खुणा शोधत जाणारे मूल वाकलेले गवत, चिखलातला ठसा, पाखराचा बदललेला आवाज टिपायला लागते. वर्तुळात ठिपका म्हणजे 'मी घरी गेलो'. बी.पी. ८ जानेवारी १९४१ ला केनियात वारले. न्येरी इथल्या त्यांच्या समाधीच्या दगडावर हीच खूण आहे.

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांनी काय करावे?

जवळच्या स्थानिक पथकात जावे. जगात १७० हून अधिक राष्ट्रीय स्काउट संघटना आहेत. गळ्यातला रुमाल आणि डावा हात सगळीकडे ओळखला जातो.

आमच्या शाळेत पथक नाही. सुरू कसे करू?

आधी स्वतः प्रशिक्षण घ्या. जिल्हा संस्थेकडे चौकशी करा, ती पुढचे मार्गदर्शन करते. मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय मुले गोळा करू नका. मग एकच संघ घ्या. सात-आठ मुले, त्यांना सगळे शिकवा, त्यांच्याबरोबर एक रात्र बाहेर राहा. तीच मुले तुमचे उद्याचे संघनायक.

मुख्याध्यापक म्हणतील, ऐंशी नावे घ्या, आकडा चांगला दिसतो. नम्रपणे नाही म्हणा. बी.पी. यांचा स्वतःचा हिशोब असा होता की मी एका वेळी सोळाच मुलांना नीट ओळखून घडवू शकतो. इतर लोक माझ्या दुप्पट हुशार असतील असे धरून त्यांनी पथकाची कमाल संख्या बत्तीस ठेवली. माझा अनुभव विचाराल तर मला चोवीसच जमली, आणि त्या चोवीस जणांच्या घरची माणसे, आवडीचे पदार्थ आणि पोहता येते की नाही, हे मला आजही आठवते.